खांद्यातला खडू

पत्र थोडक्यात असं: वाचक ४७ वर्षांच्या, शाळेत शिकवतात. उजवा खांदा वर्षभर अधूनमधून दुखत होता. आठ महिन्यांपूर्वीच्या एक्स-रेमध्ये खांद्याच्या कंडरेत १२ मिलिमीटरचा कॅल्शियमचा साठा दिसला. तेव्हा गोळ्यांवर भागलं. तीन आठवड्यांपूर्वी मध्यरात्री असा ठणका सुरू झाला की सकाळी केस बांधायलाही हात वर जाईना. नव्या एक्स-रेच्या अहवालात ‘साठ्याच्या कडा अस्पष्ट, घनता पूर्वीपेक्षा कमी’ असं लिहिलंय. खडा फुटून आत पसरला, या भीतीने त्यांची झोप उडाली आहे. एका डॉक्टरांनी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया सुचवली, दुसऱ्यांनी थांबायला सांगितलं. हाडांची घनता कमी असल्यामुळे चालू असलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या त्यांनी स्वतःच बंद केल्या. रक्तदाबाची गोळी चालू आहे. तीन आठवडे हात पोटाशी धरून आहेत. त्या विचारतात: ‘माझं काय चुकलं? काढायचाच असेल तर खडा आत्ताच का काढू नये? आणि फळ्यावर पुन्हा हात पोचेल ना?’

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्याच ओळीपाशी थांबले: ‘कडा अस्पष्ट, घनता पूर्वीपेक्षा कमी.’ ही ओळ तुम्हाला कुणी समजावून सांगितली नाही याचं मला वाईट वाटतं. तीन आठवडे तुम्ही जिला घाबरताय, ती बहुतेक चांगली बातमी आहे.

हे नीट कळायला आधी तुमच्या खांद्यात काय घडलंय ते पाहू. दंडाच्या हाडाचा गोल माथा चार स्नायूंच्या कंडरांनी वेढलेला असतो. कंडरा म्हणजे स्नायू हाडाला बांधणारा चिवट दोर. या चौघांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. त्यातली सगळ्यात वरची, सुप्रास्पायनेटसची कंडरा खांद्याच्या टोकाच्या हाडाखालच्या अरुंद फटीतून जाते. कॅल्शियम साठतं ते बहुतेक वेळा तिच्यातच, दंडाच्या हाडाला ती चिकटते तिथून साधारण सेंटीमीटरभर अलीकडे. म्हणून तर हात खाली असताना एखाद्या वेळी काहीच जाणवत नाही, पण बाजूने वर न्यायला लागलात की अर्ध्या वाटेवर कळ उठते आणि त्या टप्प्यापुढे गेलात तर जरा कमी होते. फुगलेली कंडरा त्या फटीत अडते, ती तिथे.

तुम्ही पत्रभर ‘खडा’ म्हणताय. बहुतेक सगळेच म्हणतात, आणि मग मनात मूतखडा येतो: कुठून तरी आलेला, टोकदार, अडकलेला, काढल्याशिवाय न जाणारा दगड. तुम्ही शिक्षिका आहात म्हणून सांगायला सोपं जातंय. खडा विसरा, खडू आठवा. साठा तयार होण्याच्या काळात तो खरोखर खडूसारखा असतो, कोरडा आणि भुसभुशीत. एक्स-रेवर तो पांढराशुभ्र, रेखीव कडांचा दिसतो. तुमचा आठ महिन्यांपूर्वीचा एक्स-रे तसाच असणार. नंतर केव्हातरी शरीर त्याला हात घालतं. आजूबाजूला नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, पेशी येऊन ते स्फटिक गिळायला लागतात, आणि खडूची टूथपेस्ट व्हायला लागते. मऊ, ओलसर, पांढरी. या अवस्थेतला साठा एक्स-रेवर कसा दिसतो? कडा अस्पष्ट, घनता कमी.

आता त्या मध्यरात्रीच्या ठणक्याचा अर्थ लागेल. साठा विरघळताना तिथे सूज येते, कंडरेतला दाब वाढतो, आणि कधी ती टूथपेस्ट वरच्या बर्सा नावाच्या पातळ पिशवीत झिरपते. बर्साला ते अजिबात सोसत नाही. अशा रात्री लोक धावत इस्पितळ गाठतात, कारण हाड मोडल्यासारखं दुखतं. खडू तयार होत असताना वर्षभर किरकोळ दुखणारा खांदा खडू विरघळताना आकांत करतो. या आजाराचे हे टप्पे कॅनडातले अस्थिरोगतज्ज्ञ हान्स उथॉफ यांनी मांडले. तेव्हापासून डॉक्टरांना ठाऊक असलेली ही गोष्ट रुग्णापर्यंत फार क्वचित पोचते: सगळ्यात वाईट दुखणं पुष्कळदा शेवटाकडचं असतं.

पत्रावरून निदान करायचा मला अधिकार नाही, म्हणून ‘बहुतेक’ हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. पण एक काम तुम्ही लगेच करू शकता. दोन्ही एक्स-रे एकाच वेळी, शेजारी शेजारी लावून डॉक्टरांना दाखवा. नुसता नवा नको, नुसता अहवाल तर नकोच. आठ महिन्यांतला फरक डोळ्यांसमोर असला की शस्त्रक्रियेबद्दलचं मत बदलू शकतं. तुमच्या दोन डॉक्टरांची मतं वेगळी पडली त्याचं कारणही कदाचित हेच असेल, की एकाने एक फिल्म पाहिली आणि दुसऱ्याने दोन. सोबत सोनोग्राफी करून घ्या. साठा मऊ आहे की कडक, आणि कंडरा कुठे फाटलीय का, हे तिच्यात चांगलं कळतं. एमआरआयची घाई नको. कॅल्शियम त्यात काळं दिसतं आणि कंडराही काळीच, त्यामुळे छोटा साठा नजरेतून सुटू शकतो. साधा एक्स-रे इथे महागड्या यंत्रापेक्षा उपयोगी पडतो.

‘माझं काय चुकलं?’ याचं उत्तर मला ठामपणे द्यायचंय. काही चुकलं नाही. रक्तात जास्त झालेलं कॅल्शियम खांद्यात येऊन बसतं, असं हे नसतं. अशा रुग्णांचं रक्तातलं कॅल्शियम बहुधा अगदी योग्य प्रमाणात असतं. कंडरेच्या त्या जागी काही पेशी आपलं मूळ काम सोडून कूर्चेच्या पेशींसारख्या वागायला लागतात आणि आपल्याभोवती स्फटिक जमवतात. हा त्या जागेपुरता घडलेला बदल आहे. गोळीतून पोटात गेलेल्या कॅल्शियमशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे ताई, तुमच्या हाडांसाठी दिलेल्या गोळ्या बंद करून खांद्याला काहीच मिळालं नाही, हाडांचं नुकसान मात्र होतंय. ज्यांनी त्या लिहून दिल्या त्यांना फोन करून पुन्हा सुरू करण्याबद्दल विचारा. हे काम पुढच्या तपासणीपर्यंत थांबवू नका.

फळ्यावर लिहून लिहून हे झालं का, असंही तुमच्या पत्रात एके ठिकाणी आलंय. १९४१ साली अमेरिकेत बॉसवर्थ नावाच्या डॉक्टरांनी ६,०६१ कार्यालयीन कर्मचाऱ्यांचे, म्हणजे १२,१२२ खांदे तपासले. दिवसभर टेबलाशी बसणारी माणसं ही. त्यांच्यातही २.७ टक्के लोकांत असे साठे सापडले, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची खांद्याबद्दल काही तक्रारच नव्हती. हात उंच धरून काम केल्याने आधीच दुखणारा खांदा जास्त दुखतो हे खरं. पण तीस ते साठ या वयात, बायकांत थोडं जास्त, हे कुणालाही होतं. मधुमेह आणि थायरॉइडचे विकार असणाऱ्यांत ते अधिक दिसतं, म्हणून त्या दोन तपासण्या झाल्या नसतील तर करून घ्या.

बॉसवर्थ यांच्या त्या आकड्यात आणखी एक गोष्ट आहे, ती तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला लागू पडते. साठा असूनही लोक विनातक्रार जगत असतील, तर ‘साठा गेला की दुखणं जाईल आणि राहिला तर राहील’ हा हिशेब तितका सरळ नाही. आपण उपचार एक्स-रेवर करत नाही, खांद्यावर करतो. एक्स-रेवर पांढरा ठिपका तसाच राहिलाय आणि माणूस मजेत हात वर करतोय, असं मी कितीदा पाहिलंय. तेव्हा ‘हे काढायचं कसं’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू. तुम्हाला रात्री झोप कशी लागेल आणि खांदा आखडणार कसा नाही, हे दोन प्रश्न आत्ता जास्त निकडीचे आहेत.

खांदा आखडण्याची मला तुमच्याबाबतीत खरी काळजी वाटते. तीन आठवडे हात पोटाशी धरून ठेवणं समजण्यासारखं आहे. एवढं दुखत असताना कोण हलवेल? पहिले दोन-तीन दिवस झोळीत हात ठेवणंही ठीक. पण आठवड्यांमागून आठवडे असं चाललं तर सांध्याभोवतीचं आवरण आकसतं आणि मूळ दुखणं सरल्यावर मागे राहतो तो गोठलेला खांदा. तो निवळायला कधी कधी वर्ष-दोन वर्षं घेतो. कॅल्शियम आपलं आपण गेलं आणि खांदा मात्र धरला, अशी माणसं येतात तेव्हा फार हळहळ वाटते, कारण एवढं टाळता आलं असतं.

म्हणून आजपासून हे करा. डाव्या हाताने टेबलाचा आधार घेऊन कमरेत वाका आणि उजवा हात सैल सोडा, भिजलेला टॉवेल दोरीवर लोंबतो तसा. आता शरीर हलकेच पुढे-मागे झुलवा. हात आपोआप झुलेल. खांद्याच्या स्नायूंनी काहीही करायचं नाही. मग छोटी वर्तुळं. एक-दोन मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. ते जमलं की टेबलाशी बसून फडक्यावर हात ठेवायचा आणि फडकं पुढे सरकवायचं, जमेल तितकंच. ताणल्यासारखं वाटलं तर चालेल, पण चमक निघाली किंवा त्या रात्री ठणका वाढला तर दुसऱ्या दिवशी निम्म्यावर या. वजनं उचलणं, रबरी पट्टे ओढणं हे सगळं नंतर, दुखण्याचा भर ओसरल्यावर, आणि तेव्हा मात्र नेटाने. कंडरेला ताकद यायला तीन महिने तरी द्यावे लागतात. फिजिओथेरपिस्टची खरी गरज त्या काळात असते आणि नेमकी तेव्हाच माणसं ‘आता बरं आहे’ म्हणून जाणं सोडतात.

खांदा रगडून ‘मोकळा’ करून देतो म्हणणारं कुणी ना कुणी भेटतंच. सध्याच्या अवस्थेत कुणालाही जोराने रगडू देऊ नका. सुजलेल्या बर्सावर अंगठा दाबल्याने काहीही विरघळत नाही. आत्ता बर्फ बरा, फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. पुढे आखडलेपण जास्त आणि ठणका कमी, असं झालं की शेक.

वेदनाशामक गोळ्यांबद्दल तुम्हाला वेगळं सांगायला हवं, कारण तुम्ही रक्तदाबाची गोळी घेता. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गटातली सूज उतरवणारी औषधं या दुखण्यावर चांगली चालतात, पण ती रक्तदाब वाढवू शकतात, आणि रक्तदाबाच्या काही औषधांबरोबर घेतली तर मूत्रपिंडावर ताण येतो. घरात पडलेलं पाकीट उघडून पंधरा दिवस घेत राहणं तुमच्यासाठी धोक्याचं आहे. कोणती, किती दिवस, हे डॉक्टरांनीच ठरवू दे. ज्यांना अल्सरचा त्रास आहे किंवा रक्त पातळ होण्याची औषधं चालू आहेत, त्यांनीही हेच लक्षात ठेवावं.

गोळ्यांनी भागत नसेल तर पुढची पायरी खांद्याच्या त्या फटीत स्टेरॉइडचं इंजेक्शन. त्याच्या नावाला लोक बिचकतात. तुमच्यासारख्या भरातल्या दुखण्यात एक इंजेक्शन काही आठवड्यांचा आराम देऊ शकतं, आणि त्या आठवड्यांत हात हलता राहतो. मला त्याचा हाच उपयोग मोठा वाटतो. वरचेवर घेत राहण्याची ती गोष्ट नाही, आणि मधुमेह असणाऱ्यांची साखर त्यानंतर काही दिवस चढते, हेही सांगून ठेवते.

सोनोग्राफीत बघत सुईने साठा धुऊन काढणं हा आणखी एक मार्ग आहे. जागा बधिर करून सुई थेट साठ्यात नेतात, सलाइन सोडतात, ओढून घेतात, पुन्हा सोडतात. सिरिंजमधल्या स्वच्छ पाण्यात पांढरे ढग उठतात आणि थोड्या वेळाने तळाशी खडूच्या भुकटीसारखा गाळ बसतो. ते पाहून रुग्णाला फार समाधान वाटतं, दुखणं डोळ्यांदेखत बाहेर आलं असं. मलाही पूर्वी वाटायचं. मग २०२३ मध्ये नॉर्वे आणि स्वीडनमधल्या सहा रुग्णालयांनी २२० रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींचा साठा स्टेरॉइडसह धुतला, काहींना धुण्याचं नुसतं नाटक करून स्टेरॉइड दिलं, काहींच्या बाबतीत दोन्हीचं नाटकच केलं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत स्टेरॉइडवाल्यांना जास्त बरं वाटलं. चार महिन्यांनी पाहिलं तर तिन्ही गटांत म्हणावा असा फरक उरला नव्हता. सगळ्यांचंच दुखणं कमी झालं होतं. यावरून धुणं फुकट असा निष्कर्ष मी काढणार नाही. साठा मऊ असताना आणि दुखणं असह्य असताना काही जणांना त्याने चांगला उतार पडतो. पण ‘हे नाही केलं तर सुटका नाही’ असं कुणी म्हणालं तर त्याला हा अभ्यास आठवावा लागेल.

शॉकवेव्हचं थोडक्यात. बाहेरून यंत्राने ध्वनिलहरींचे धक्के देतात, आठवड्याच्या अंतराने काही बैठका. महिनोन् महिने कडक राहिलेल्या जुन्या साठ्यासाठी त्याचा विचार होतो. फायद्याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही आणि धक्के दुखतात. तुमचा साठा आधीच विरघळायला लागला असेल तर आत्ता त्या वाटेला जायचं मला कारण दिसत नाही.

राहिली शस्त्रक्रिया. ती वाईट नाही, आणि तुम्हाला ती सुचवणारे डॉक्टर चुकीचे आहेत असंही मी म्हणत नाही. बाकीचं सगळं नीट करून सहा महिने गेले, साठा तसाच कडक आहे, रात्रीची झोप आणि दिवसाची कामं दोन्ही अडलीत, अशा माणसाला दुर्बिणीतून साठा काढल्याने खरंच बरं वाटतं. पण कंडरेत चीर द्यावी लागते, कधी टाके घालावे लागतात, पुढे काही महिने व्यायाम असतो, आणि खांदा आखडण्याची शक्यता तिथेही असतेच. शरीर स्वतःच साठा साफ करत असताना आपण सुरी घेऊन मध्ये जाणं मला घाईचं वाटतं. डॉक्टरांना इतकंच विचारा: ‘माझा साठा सध्या विरघळण्याच्या टप्प्यात आहे का? असेल तर आणखी सहा आठवडे थांबल्याने माझं काही नुकसान होईल का?’ या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून तुम्हाला बरंच कळेल.

थांबणं मात्र डोळे झाकून नको. ताप आला, खांदा लाल आणि गरम झाला, तर जंतुसंसर्ग असू शकतो, त्याच दिवशी दाखवा. पडल्यावर किंवा झटका बसल्यावर हात उचलताच येत नसेल तर कंडरा फाटलेली असू शकते. दुखणं कोपराखाली उतरून बोटांना मुंग्या येत असतील तर मान तपासायला हवी. आणि ज्यांचा डावा खांदा चालताना किंवा जिना चढताना दुखतो, सोबत छातीत दडपण किंवा घाम येतो, त्यांनी ‘माझ्या खांद्यात कॅल्शियम आहे’ म्हणून घरी बसू नये. आधी हृदय तपासून घ्यावं.

रात्रीसाठी एक सांगते. सपाट झोपलं की हे दुखणं वाढतं. पाठीमागे दोन-तीन उशा रचून अर्धवट बसल्यासारखं झोपा. एक उशी उजव्या कोपराखाली, म्हणजे कोपर खांद्याच्या मागे लोंबकळणार नाही. आणि एक छोटी, गुंडाळलेला टॉवेलही चालेल, काखेत, म्हणजे हात छातीला घट्ट चिकटणार नाही आणि कंडरेवरचा ताण कमी होईल. कुशीवर झोपायचंच असेल तर डावी कूस घ्या आणि उजवा हात पुढे उशीवर ठेवा. तीन आठवडे न झोपलेल्या माणसाला शस्त्रक्रिया हाच एक मार्ग वाटतो, यात नवल नाही. चार रात्री बऱ्या जाऊ द्या, मग निर्णय घ्या. विरघळण्याच्या टप्प्यातला हा भर बहुधा काही आठवड्यांत ओसरतो. मागे उरलेली कुरकुर आणि कमजोरी जायला काही महिने लागतात.

आणि फळा. पोचेल, ताई, तुमचा हात पुन्हा पोचेल. सध्या मात्र वरचा अर्धा फळा सोडून द्या. छातीच्या उंचीवर लिहा, फळ्याच्या जवळ उभं राहून, कोपर अंगाजवळ ठेवून. हात लांबवून लिहिण्यापेक्षा दोन पावलं चाला. वरच्या ओळी एखाद्या उंच मुलाला लिहू द्या, त्याला आवडेल. फळा पुसायचं कामही महिनाभर मुलांकडेच असू दे. कारण लिहिण्यापेक्षा पुसतानाचा तो मोठा आडवा हेलकावा तुमच्या खांद्याला जास्त लागेल.